चौथ्या प्रश्नाला हात वर करायचा नाही

आमच्या घरी पाहुणे जेवले, सुपारीचा डबा फिरायला लागला, की माझ्या बी.एड.च्या पाठाची गोष्ट निघते. आपोआप निघत नाही, मीच काढतो. कुणी पावसाविषयी बोलत असो की भाचीच्या लग्नाविषयी, मी तिथून बरोब्बर लातूरच्या त्या आठवीच्या वर्गात जाऊन पोचतो. मग आतून भांड्यांच्या आवाजावर आवाज चढवून बायको म्हणते, "त्यातलं अर्धं खोटं हाय हो. मी होते तिथं."

ती होती हे खरं. शेवटच्या बाकावर होती, आणि तेव्हा ती माझी बायको नव्हती. माझ्याच तुकडीतली, देगलूरकडची एक विद्यार्थिनी होती. तिचे सगळे पाठ पहिल्या झटक्यात पास व्हायचे. मी मात्र पाठ घेऊन आलो की तुकडीतले लोक दवाखान्यातून आलेल्या माणसाला विचारतात तसं विचारायचे, "काय म्हणाल्या मॅडम?"

मी मूळचा हदगावचा. नांदेडला भूगोल घेऊन बी.ए. झालो आणि घरी येऊन थोरल्या भावाच्या टेलरिंगच्या दुकानात बसलो. भावाचा हात सोन्याचा. माझा हात असा, की मी केलेल्या काजातून बटण जायचं नाही, आणि गेलंच तर परत यायचं नाही. एका गुरुजींचा सफारीचा शर्ट मी असा काही शिवला, की तो काढायला त्यांना दोन माणसं लागली. त्या दिवशी भाऊ म्हणाला, "एक वरीस देतो तुला. लातूरला जा, बी.एड. कर, मास्तर होऊन ये. न्हाई झालास तर गप मशीनवर बसायचं. मग मला भूगोल सांगायचा न्हाई."

हिमायतनगरच्या एका शाळेचे हेडमास्तर भावाचे गिऱ्हाईक होते. ते माप देता देता म्हणाले होते, "भूगोलाची जागा हाय आपल्याकडं. पोराला पास होऊन येऊ द्या." म्हणजे एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन, आणि मधे मी. मशीनची मला मनापासून भीती वाटायची. आज कळतं, मशीनला माझी जास्त वाटत असणार.

लातूरला आलो तेव्हा भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती. निलंगा-औसा भागातली कितीतरी कुटुंबं गावं सोडून शहरात येऊन राहिली होती. आणि त्याच वेळी शहराला क्लासचं वेड लागलेलं. दर चार घरांमागं एक पाटी: फिजिक्स, केमिस्ट्री, बायलॉजी. दुकानाच्या वर क्लास, गिरणीच्या मागं क्लास. सकाळी सायकलींची अशी रांग लागायची, की दूधवाल्याला गल्ली बदलावी लागे. आमची ही देगलूरकर बाई कॉलेज सुटलं की अशाच एका क्लासमध्ये शिकवायला जायची. मी एकदा तिला विचारलं, तुमच्याकडं मुलांना प्रश्न कसे विचारता? ती म्हणाली, "इचारत न्हाई. छापून देतो. खाली चार उत्तरं बी छापून देतो. आमच्याकडं येळ कुणाला हाय?"

आमच्या बी.एड.ला मात्र प्रश्न म्हणजे सर्वस्व. आमचे पाठ बघणाऱ्या मॅडमनी पहिला महिनाभर आम्हाला प्रश्नांच्या जातीच शिकवल्या. स्मरणाचे प्रश्न, आकलनाचे प्रश्न, उपयोजनाचे प्रश्न. हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारायचा नाही. उत्तर पोटात असलेला प्रश्न विचारायचा नाही. "गोदावरी ही लांब नदी आहे, तर गोदावरी कशी नदी आहे?" असला प्रश्न तर मुळीच विचारायचा नाही. मी नेमका तोच विचारायचो. मॅडम म्हणायच्या, "सर, हा प्रश्न नाही, हा डोंगरातला आवाज आहे. तुमचाच तुमच्याकडं परत आला."

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न चौथा. ज्यांनी बी.एड. केलं नाही त्यांना हे सांगायला हवं. पाठाची सुरुवात प्रस्तावनेच्या प्रश्नांनी करायची. पहिला सोपा. दुसरा थोडा पुढचा. तिसरा विषयाच्या दारात नेणारा. आणि चौथा समस्यात्मक. म्हणजे असा प्रश्न, की ज्याचं उत्तर मुलांना येताच कामा नये. मुलं गप्प बसली पाहिजेत. मग मास्तरनं हसून म्हणायचं, "तर मुलांनो, आज आपण अमुक घटकाची माहिती घेणार आहोत." याला हेतुकथन म्हणतात. पाठ आधी लिहून काढायच्या टाचणवहीत दोन रकाने असतात, अध्यापक कृती आणि विद्यार्थी कृती. चौथ्या प्रश्नासमोर विद्यार्थी कृतीच्या रकान्यात आम्ही आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो: "विद्यार्थी निरुत्तर." पोरं अजून घरी जेवत असायची आणि आमच्या वहीत ती निरुत्तर झालेली असायची.

मला सराव पाठाला घटक आला, भूकंप. लातूरच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, भूकंप. त्या वर्गाच्या भूगोलाच्या गुरुजींनी तो धडा ठेवूनच दिला होता. दर वर्षी ठेवायचे म्हणे. आम्ही विद्यार्थी-शिक्षक आलो की तो आमच्या गळ्यात. का ठेवतात, हे मी त्यांना विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं, आळशी असतील.

मी वही तयार केली आणि पाठाला उभा राहिलो. पहिला प्रश्न, थंडी वाजली की अंगाला काय होतं? मुलं म्हणाली, थरथर सुटते. दुसरा, ट्रक गेला की घरातल्या भांड्यांचं काय होतं? वाजतात. तिसरा, जमीन हादरते त्याला काय म्हणतात? सगळा वर्ग म्हणाला, भूकंप! माझी छाती फुगली. मग आवाज खाली आणून, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे चेहऱ्यावर उत्सुकता आणून, मी चौथा प्रश्न टाकला. "जमीन का हादरते बरं?"

सगळा वर्ग हात वर करून उभा राहिला.

"सर, खालचे भूपट्ट सरकतात."

"सर, खडकाला भेग असते, तिथं ताण साचतो."

"सर, आमच्या तंबूत फॉरेनचे साहेब आलते, त्यांनी कागदावर काढून दाखवलं."

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, आवाज खणखणीत. म्हणाली, "सर, लाटा दोन जातीच्या असतात. आधी एक येते, मंग दुसरी. फळ्यावर काढू का?"

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? खडू तिच्या हातात दिला असता. पण माझ्या डोळ्यांपुढं वही होती, आणि वहीत "विद्यार्थी निरुत्तर" असं लिहिलेलं होतं. मी हसलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "छान. म्हणजे हे तुम्हाला माहीत नाही. तर मुलांनो, आज आपण भूकंप या घटकाची माहिती घेणार आहोत."

सगळा वर्ग असा हसला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. ती वेण्यांची मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "सर, तुमी कुठं होता तवा?"

"हदगावला."

"तिकडं हललं का?"

"हललं म्हणतात. घरचे सगळे बाहेर पळाले. मी झोपलो होतो."

"उठवलं न्हाई कुनी?"

"रस्त्यावर आल्यावर मोजले तेव्हा एक कमी भरला. मग भाऊ परत आत आला."

तेव्हापासून त्या शाळेत माझं नाव 'झोपलेले सर' पडलं. मॅडमनी वहीत लाल शाईनं शेरा दिला, "समस्यात्मक प्रश्नातून समस्या निर्माण झाली नाही." आणि तोंडानं म्हणाल्या, "मुलांना नाही झाली. तुम्हाला झाली."

खरी समस्या पुढं होती. वार्षिक पाठ त्याच वर्गावर, त्याच धड्याच्या दुसऱ्या भागावर लागला. भूकंपाचे परिणाम व दक्षता. मागं बाहेरून आलेले परीक्षक बसणार. त्यात नापास म्हणजे बी.एड. नापास, आणि बी.एड. नापास म्हणजे मशीन. भावाचं पत्रही आलं होतं. त्यानं दुकानात खिडकीजवळची जागा रिकामी केली होती. "उजेड चांगला येतो," असं लिहिलं होतं. प्रेमानंच लिहिलं होतं, म्हणून जास्त धडकी भरली.

मी घटक बदलून मागितला, मिळाला नाही. चौथा प्रश्न शोधायला लागलो. भूकंपानं नुकसान का होतं? हे त्या वर्गाला विचारायचं आणि पोरं निरुत्तर होतील अशी आशा धरायची, म्हणजे मासोळीला विचारायचं, पाणी ओलं असतं का.

देगलूरकर बाईंनी माझी वही बघितली आणि म्हणाल्या, "अय्यो, एवढं काय त्यात? आदल्या दिवशी जायचं, गोळ्या वाटायच्या, सांगायचं चौथ्याला हात वर करू नका. सगळेच करतात."

"तुम्ही केलं?"

"मला लागलं न्हाई. माझा घटक ध्रुवीय प्रदेश होता. देगलूर-लातूरच्या पोरांना काय डोंबल येणार त्यातलं?"

मग मी गेलो. लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा घेऊन. (बायको आतून: "लिमलेटच्या नव्हत्या, संत्र्याच्या होत्या.") मधल्या सुट्टीत आठवीच्या वर्गात उभा राहिलो, दार लोटून घेतलं आणि म्हणालो, "उद्या पाहुणे येणार आहेत. पहिल्या तीन प्रश्नांना सगळ्यांनी हात वर करायचा. चौथ्या प्रश्नाला हात वर करायचा नाही."

वर्ग मुळीच चकित झाला नाही. मागचा एक जण म्हणाला, "ठावं हाय सर. मागल्या साली बी एका सरांनी असंच सांगितलंतं. त्यांनी चॉकलेट दिलंतं." आणि माझ्या गोळीकडं बघून तोंड वाकडं केलं.

मी पुडा फिरवत पुढच्या बाकाशी आलो. वेण्यांच्या मुलीनं गोळी घेतली, मुठीत धरली आणि विचारलं, "सर, येत असलं तरी न्हाई म्हणायचं का?"

मी म्हणालो, "हाव. उद्याच्या दिवस."

"मंग इचारता कशाला?"

तिनं हे टोचून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी प्रश्नांच्या सगळ्या जाती शिकलेला माणूस. हा कुठल्या जातीचा, ते मला सांगता येईना. "उद्या बघू," असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर आलो. पुड्यात तीन गोळ्या उरल्या होत्या, त्या मीच खाल्ल्या. कडू लागल्या.

माझी खोली एका अप्पांच्या घरात होती. अप्पा बैलांचे दलाल. आठवड्याला देवणीच्या बाजाराला जायचे, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे बैल घ्यायचे, द्यायचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि तोंडात तंबाखू नसेल तेव्हा जगातल्या कुठल्याही विषयावर मत. त्या संध्याकाळी ते ओट्यावर पाय धूत होते. मी त्यांना सरळ विचारलं, "अप्पा, बैल घेताना तुम्ही काय विचारता?"

"तुमाला बैल पायजे?"

"नाही. प्रश्न पाहिजे."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी आजारी नाही ना याची खात्री केली आणि म्हणाले, "बैल चांगला हाय का, असं इचारनारं गिऱ्हाईक मला लई आवडतं. त्याला मी च्या पाजतो. कारन जगातला समदा बैल चांगलाच हाय. इकनारा न्हाई म्हनतो का कदी?"

"मग तुम्ही?"

"मी इचारतो, कोन्या अंगाला जुंपत होतास? डावा का उजवा? ज्यानं खरंच बैल राखला त्याला तोंडपाठ असतंय. चोरीचा, नायतर कालच घेतलेला असला तर गडी डोकं खाजवतो. मंग इचारतो, कशाला भितो? परत्येक बैल कशाला ना कशाला भितोच. कशाला बी भीत न्हाई म्हनला की समजायचं, दगा हाय." अप्पांनी पाय पुसले. "आन शेवटी एकच इचारायचं. इकून का राहिलास बाबा? आन गप बसायचं."

"गप्प?"

"हितंच समदी हिकमत. लोकं इचारत्यात, आन त्याला जबाब द्यायला जागाच ठेवत न्हाईत. 'का इकून राहिलास, पैशाची नड हाय का, चारा न्हाई का?' अरे तूच इचारलास, तूच सांगितलास, तो फकस्त मान डोलवनार. मी डबी काढतो, तंबाखू मळतो. मळून हुईस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. मानसाला गप राहवत न्हाई. खरं काय ते तोंडातून पडतंच."

तेवढ्यात अप्पांची बायको दारातून म्हणाली, "एवढी हिकमत हाय तर बशा बैल कसा काय आनला वो मागच्या महिन्यात?"

खरंच आणला होता. रस्त्यात मधोमध बसायचा आणि उठायचा नाही. अप्पा म्हणाले, "त्या दिवशी तंबाखू संपला होता," आणि आत निघून गेले.

मी खोलीत येऊन टाचणवही उघडली. चौथ्या प्रश्नासमोरचं "विद्यार्थी निरुत्तर" बघितलं आणि ते पान फाडलं. मुलांना गप्प करणारा प्रश्न आता मला नको होता. मला असा प्रश्न हवा होता, ज्याचं उत्तर मला येत नाही आणि त्यांच्यापाशी आहे. बराच वेळ पेन चावून लिहिलं, "एकाच गल्लीत एक घर पडलं आणि शेजारचं उभं राहिलं. असं का झालं असेल?" विद्यार्थी कृतीचा रकाना कोरा ठेवला. नापास झालो तर झालो. मशीनवर बसलो तरी त्या पोरीला तोंड दाखवता आलं पाहिजे, असं काहीतरी डोक्यात घट्ट बसलं होतं. एरवी माझ्या डोक्यात काही घट्ट बसत नाही.

सकाळी मॅडमकडं सहीला गेलो. त्यांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "उत्तर?"

"मला माहीत नाही, मॅडम."

"परीक्षेच्या दिवशी?"

"हो मॅडम."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "सही करते. पण सही वहीवर केली आहे, तुमच्यावर नाही, हे लक्षात ठेवा."

बाहेर देगलूरकर बाई उभ्या होत्या. पान बघून त्यांचा चेहरा पडला. "येडे झालात का हो? काल गोळ्या वाटल्या ना? सरळ पाठ घ्यायचा सोडून हे काय करून राहिलात?"

"सरळ घेतला तर मी पास होईन, पण शिकवीन काय?"

"आधी पास व्हा. शिकवायला जिंदगी पडलीय."

हे तिचं म्हणणं आजही कायम आहे.

परीक्षक नांदेडकडचे होते. उतारवयाचे, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेले, मागच्या बाकावर अंग चोरून बसलेले. त्यांच्या शेजारी मॅडम आणि निरीक्षणाला देगलूरकर बाई. पहिले तीन प्रश्न सुरळीत गेले. हात वर, उत्तरं खणखणीत. मग मी फळ्यावर शेजारी-शेजारी दोन घरं काढली, एक पडलेलं, एक उभं, आणि प्रश्न विचारला.

एकही हात वर झाला नाही.

पोरं हाताची घडी घालून, ओठ मिटून, माझ्याकडं अभिमानानं बघत होती. सौदा म्हणजे सौदा. गोळ्या खाल्ल्या होत्या, शब्द पाळत होती. परीक्षकांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. पाठ अगदी नमुनेदार चालला होता. आता फक्त हेतुकथनाचं वाक्य म्हणायचं आणि पुढं जायचं. नापास व्हायचं काही कारणच उरलं नव्हतं. वेण्यांच्या मुलीनं तेवढी मान खाली घातली होती.

मी खडू टेबलावर ठेवला, परत उचलला आणि म्हणालो, "मुलांनो, काल मी येऊन तुम्हाला गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की चौथ्या प्रश्नाला हात वर करायचा नाही. ते माझं चुकलं. या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं सांगा. नाही वाटलं तरी चालेल."

मागं परीक्षकांचं पेन थांबलं. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. देगलूरकर बाईंनी कपाळाला हात लावला, तो तास संपेपर्यंत काढला नाही.

वर्गही गडबडला. ही नवीन परीक्षा आहे की काय, असं वाटलं असणार. कुणी बोलेना. माझ्या जिभेवर तीन उत्तरं येऊन बसली होती. ती गिळली, आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून तळहातावर खडू मळायला लागलो. मळत राहिलो. पांढरी भुकटी बुटावर पडत होती.

मागच्या बाकावरचा तो चॉकलेटवाला आधी बोलला. "सर, आमचं घर कुडाचं होतं. लई हललं. पडलं न्हाई. शेजारचं दगडाचं होतं, ते पडलं."

दुसरा म्हणाला, "दगडाचं पडतच असतं असं न्हाई. आमच्या चुलत्याचं दगडाचंच होतं, पन आत लाकडी खांब होते. भिंती बाहेर पडल्या, माळवद खांबावर राहिलं. त्याखालून चुलती निघाली."

"माळवदावर माती किती होती ते बी बघाय लागतंय. आमच्याकडं दर वर्षी वर नवी माती टाकायचे. गळू नये म्हनून."

"सर, दोन भिंतींत मधे नुस्ती माती भरलेली असते. दगडाला दगड धरत न्हाई."

मी फळ्यावर लिहीत होतो. कोण बोलायचं, कुणी खोडायचं, कुणी आपल्या घराची भिंत हातानं मापून दाखवायचं. मी मधे फक्त "मग?" आणि "तू काय बघितलंस?" एवढंच म्हणत होतो. कुणी रडलं नाही. आवाज मात्र हळूहळू खाली आले होते.

मग वेण्यांची मुलगी उभी राहिली. "सर, आमचं घर गावात सगळ्यात पक्कं होतं. ह्या हातापास्नं त्या हातापर्यंत जाड भिंत. लोकं म्हनायचे, घर असावं तर असं. आजोबानं लई हौसेनं बांधलंतं." ती थांबली. मी खडू मळत राहिलो. "तेच आधी पडलं. आजोबा आन धाकटा भाऊ आत होते. आन तेच्या कुडाच्या घरातले समदे हायत." तिनं मागच्या मुलाकडं बोट केलं. राग नव्हता त्यात. "मंग सर, पक्कं म्हंजी काय?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही. आपण शोधू या का?"

त्यावर त्यांनी जे शोधलं ते पुस्तकात नव्हतं. जे लवतं ते पक्कं. ज्याच्या डोक्यावर ओझं कमी ते पक्कं. एकमेकांना धरून असतं ते पक्कं. हे शेवटचं चॉकलेटवाल्यानं सांगितलं, आणि तो भिंतीच्या दगडांविषयीच बोलत होता. तेवढ्यात घंटा झाली. दक्षता हा मुद्दा राहिला, मूल्यमापन राहिलं, गृहपाठ राहिला. हेतुकथनाचं वाक्य तर माझ्या तोंडून निघालंच नाही.

परीक्षकांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "गोळ्या खरंच दिल्या होत्या?"

"हो सर."

ते मैदानाकडं वळले. मग म्हणाले, "इतकी वर्षं पाठ बघत आलो. प्रत्येक वर्गात चौथ्या प्रश्नाला पोरं गप्प. मला वाटायचं, आपल्या पोरांना काही येतच नाही." स्वेटरच्या बाहीशी चाळा करत म्हणाले, "पण पाठ अपूर्ण आहे. गुण मला तक्त्याप्रमाणेच द्यावे लागतील. हेतुकथन शून्य. मूल्यमापन शून्य. आणि हा रकाना कोरा आहे, तो भरून द्या. वही तपासायला वर जाते."

मी व्हरांड्यातच बसून रकाना भरला. पोरं जशी बोलली तसंच लिहिलं. मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या. "निदान प्रमाण भाषेत तरी लिहा," म्हणाल्या. मी म्हणालो, "मॅडम, प्रमाण भाषेत लिहिलं तर ते माझं उत्तर होईल." त्यांनी दौत जवळ सरकवली. तिथं माझा खरा पाठ झाला असं मी पाहुण्यांना सांगतो. बायको म्हणते, दौत नव्हती, बॉलपेन होतं.

निकाल लागला. पास. तुकडीत शेवटून दुसरा. माझ्या खालचा आजारपणामुळं परीक्षेलाच बसला नव्हता. देगलूरकर बाई वरून दुसऱ्या. त्यांनी पेढा देताना विचारलं, "आता काय, गल्लोगल्ली जाऊन 'मला माहीत नाही' म्हणत फिरणार का?" मी म्हणालो, "तुम्ही बरोबर येणार असाल तर." हा प्रश्न मी आधी ठरवलेला नव्हता आणि त्याचं उत्तर यायला पुढं दीड वर्ष लागलं, पण ती गोष्ट वेगळी.

निकालाचा कागद घेऊन मी हदगावला एक रात्र राहिलो. भावानं खिडकीजवळच्या त्या जागेवर दुसरा कारागीर बसवला आणि मला पँटचं कापड दिलं. शिवून देतो म्हणाला, तू हात लावू नकोस. दुसऱ्या दिवशी हिमायतनगरला गेलो. हेडमास्तरांनी कागद उलटसुलट बघितला, गुण बघून घसा साफ केला आणि म्हणाले, "बसा. अडचण अशी झालीय, की भूगोलाची जागा मागच्या आठवड्यात भरली. संस्थेतलेच एक जण निघाले. आठवीला गणिताला मात्र कुणी नाही. गणित घ्याल का?"

दहावीनंतर गणिताचं आणि माझं बोलणं बंद होतं.

"घेतो," म्हणालो.

"जमेल?"

"उद्यापासून घेतो, सर."

स्टँडसमोरच्या दुकानात आठवीचं गणिताचं पुस्तक घेतलं आणि बाकावर बसून उघडलं. पहिला उदाहरणसंग्रह. तिसरंच गणित सुटेना. हदगावची बस लागली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. उद्या अकराच्या तासाला पहिल्या बाकावरून कुणीतरी उभं राहून मला हेच विचारणार होतं. मी कंडक्टरला हातानंच जा म्हणून सांगितलं आणि पुस्तकाच्या कोऱ्या पानावर ते गणित पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतलं.